तोंड दाराकडे

१

शिट्टीनं आमची बेल वाजवलीच नाही. ती जिन्यात दाराला पाठ टेकून बसली होती. सोमवारी सकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तशी उताणीच घरात आली.

"अगं, पाहुण्यांनी पायानं घरात यावं, डोक्यानं नाही," मी म्हटलं.

एरवी ह्या पोरीनं असा टोला परत हाणला असता की माझी कवळी हलली असती. आज ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी दूध तिथंच ठेवलं आणि आत हाक मारली, "वन्सं, या जरा. लवकर या."

शिट्टी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी मुलगी. मुलगी म्हणायचं आपलं, चांगली चोवीस वर्षांची बाई आहे. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे. कुणी बुडायला लागलं की उडी मारायची, आणि कुणी आगाऊपणा करायला लागलं की शिट्टी मारायची. तिची शिट्टी ऐकून रस्त्यापलीकडच्या बँकेतला दरोडेखोर हात वर करून उभा राहिला, असं मी सगळ्यांना सांगत असते. वन्सं म्हणतात, दरोडेखोर नव्हता, कॅशियर होता, आणि तोही फक्त दचकला. वन्संचं हे असंच. मी फुगा फुगवायचा आणि त्यांनी टाचणी लावायची. त्या माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आयुष्यभर सरकारी वकील होत्या, बायकांवरच्या अत्याचाराच्या केसेस चालवायच्या. आता दोघी विधवा, दोघी एका घरात, आणि टाचण्या अजून संपलेल्या नाहीत.

शिट्टीला आम्ही खुर्चीत बसवलं. चहा दिला, तो तिनं हातात धरून गार केला.

शनिवारी तलावाचा हंगाम संपला. संध्याकाळी वरच्या गॅलरीत सगळ्या स्टाफची पार्टी होती. ती प्यायली. कुणी पाजली नाही, स्वतः प्यायली, आणि खूप प्यायली. हे तिनं तीनदा सांगितलं, जणू आम्हीच तिला पकडणार होतो. रविवारी सकाळी जाग आली ती प्रथमोपचाराच्या खोलीतल्या खाटेवर. उजव्या हाताला मुंग्या आलेल्या. उजव्या गालावर खाटेच्या पट्ट्यांचे वळ. गळ्यातली शिट्टी गळ्यात नव्हती. दोरी मनगटाला गुंडाळलेली आणि शिट्टी मुठीत.

"कपडे अंगावर होते," ती म्हणाली, "पण मी घालते तसे नव्हते. आणि आजी, अंगाला कळतं. मला आठवत नव्हतं, पण अंगाला माहीत होतं."

डॉक्टरीणबाईंकडे ती रविवारीच जाऊन आली होती. त्यांनी अंगाचं म्हणणं खरं ठरवलं. मग ती चौकीवर गेली. तिथला साहेब म्हणाला, स्वतः प्यायलात. कोण ते आठवत नाही. नाही म्हणाल्याचंही आठवत नाही. मग तक्रार नक्की कशाची?

वन्संचे ओठ बारीक झाले. कोर्टात त्यांचे ओठ असे झाले की समोरचा वकील पाणी मागायचा, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणते.

"तुला काय हवंय, बाळ?" त्यांनी विचारलं.

"शिक्षा-बिक्षा नंतर. मला आधी एक सांगा." तिनं गार चहाचा कप खाली ठेवला. "मी हो म्हणाले होते का?"

२

तलावाचा मॅनेजर हा पाण्याला घाबरणारा माणूस. पंधरा वर्षं तलाव सांभाळला पण घोट्याच्या वर भिजला नाही. ही थाप नाही, वन्संनीही कबूल केलंय.

"बाई, मला फार वाईट वाटतं," तो तिकीटखिडकीमागच्या त्याच्या खोलीत म्हणाला. "पण शुद्धीत नव्हती म्हणता, तर खोलीपर्यंत चालत कशी गेली? सगळ्यांनी बघितलं."

"चालत?"

"म्हणजे, घारीच्या खांद्यावर हात टाकून."

"घारी चालत होती. ही लोंबकळत होती. बरोबर?"

मॅनेजरनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "हे बघा, मुलींनी इतकी प्यायची म्हटलं की..."

"तुमच्या फाटकाला कुलूप नव्हतं आणि कुणी पाण्यात पडलं, तर तो पोहायलाच आला होता असं म्हणता का तुम्ही?"

मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. रिकामा तलाव कोरडा पडला होता, तळाच्या निळ्या फरश्या उघड्या. हसू आपोआप गेलं.

"पण दारू प्यायलेल्या बाईनं हो म्हटलं, आणि सकाळी विसरली, तर?" मॅनेजरनं जरा धीर करून विचारलं. "असंही होतं की नाही?"

"होतं," वन्सं म्हणाल्या. मला धक्काच बसला. "म्हणून तर फिरतेय मी. प्यायलेल्या बाईनं समजून-उमजून हो म्हटलं, तर ते हो असतं, सकाळी आठवो न आठवो. कायदा ग्लास मोजत नाही. तो एवढंच विचारतो, त्या वेळी तिला काय चाललंय ते कळत होतं का? हवं-नको ठरवता येत होतं का? ते येत नसेल, तर तिच्या तोंडून हो निघालं काय आणि घोरणं निघालं काय, सारखंच. आणि समोरच्याला ते दिसत होतं का, हे बघायचं. आता सांगा, घारीनं तुम्हाला काय सांगितलं होतं?"

पेपरवेट थांबला.

"अधूनमधून तिच्याकडे बघा, म्हणाली होती. मी बघतो म्हटलं. मग माझी टॅक्सी आली." तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "पण चाव्या सगळ्या पंपवाल्याकडे असतात, बाई. तो तिथंच मागं राहतो. एकटा. त्याला विचारा ना."

३

पंपवाल्याच्या आधी घारीला विचारायचं, असं वन्संनी ठरवलं. घारी म्हणजे शिट्टीची मैत्रीण, तीही जीवरक्षक, मांजरीसारख्या डोळ्यांची. ते डोळे सुजले होते.

"मी थांबायला हवं होतं," दार उघडल्याबरोबर ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही.

"काय केलंस ते सांग. काय करायला हवं होतं ते आपण मग रडू," वन्सं म्हणाल्या.

"हाका मारल्या. कानाची पाळी चिमटली. नुसती कण्हली, डोळे उघडेना. मग आम्हाला शिकवतात तशी झोपवली. डाव्या कुशीवर, वरचा गुडघा वाकवून, हात गालाखाली. म्हणजे उलटी झाली तरी घशात जात नाही. आणि माझा लाल स्वेटशर्ट गुंडाळून तिच्या पाठीमागं, भिंतीच्या बाजूला घातला, पुन्हा उताणी होऊ नये म्हणून."

"तोंड कुठं होतं?"

"दाराकडे." घारीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तोंड नेहमी दाराकडे करायचं, आजी. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला चेहरा दिसला पाहिजे, ओठांचा रंग दिसला पाहिजे. आमच्यात कुणाला असं झोपवलेलं दिसलं, की वेगळं सांगायला लागत नाही. ह्याला शुद्ध नाही, ह्याच्याजवळ थांबा, एवढाच त्याचा अर्थ."

"आणि गळ्यातली शिट्टी?"

घारीनं तोंडावर हात घेतला. "ती काढायला विसरले. गळ्यातच राहिली. दोरी आवळली असती तर? डोळे मिटले की तेच दिसतं."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मला काही कळलं नाही, पण कळल्यासारखा चेहरा मी केला. बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, शिट्टीच्या कुठल्या गालावर वळ होते?"

"उजव्या."

"आणि घारीनं कुठल्या कुशीवर झोपवली?"

मी रस्त्यातच थांबले. मागून एक सायकलवाला माझ्यावर ओरडून गेला.

४

पंपाच्या खोलीत क्लोरीनचा असा भपकारा होता की माझ्या साडीचा रंग उडाला. (उडाला नाही. पण उडेल असं वाटलं.) पंपवाले काका स्टुलावर बसून एक झडप घासत होते. आम्हाला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"आलात? मला माहीत होतं कुणीतरी येणार. दोन दिवस झाले, फाटकावरचा माणूससुद्धा माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. एकटा राहणारा म्हातारा दिसला की लोकांचं काम सोपं होतं."

"मी सोपं काम कधी केलं नाही," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही तिला सकाळी पाहिलंत. दार उघडल्यावर पहिलं काय दिसलं?"

"लाल." त्यांनी लगेच सांगितलं. "दार ढकललं आणि समोर लाल दिसलं. मला वाटलं रक्त. पुढं गेलो तर तो स्वेटशर्ट होता, गुंडाळी करून पोरीच्या पाठीला लावलेला. तोंड भिंतीकडे होतं, मला वाकून बघायला लागलं. श्वास चालला होता. मग मी चहा आणायला धावलो."

"स्वेटशर्ट जमिनीवर पडलेला असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी विचार केला. "काय करणार? अंगावर घातला असता. नाहीतर डोक्याखाली दिला असता उशीसारखा."

"रात्री काही ऐकलंत?"

"पंप चालू असला की मला माझंच घोरणं ऐकू येत नाही, बाई."

बाहेर आल्यावर वन्सं तलावाच्या कठड्याला टेकल्या. त्या अशा टेकल्या की मी पटकन दंड धरला.

"ते नाहीत," त्या म्हणाल्या. "घारीनं तिला दाराकडे तोंड करून ठेवली होती, गुंडाळी भिंतीच्या बाजूला, तिच्याआड. दारातून दिसलीच नसती. सकाळी पोरगी उलट्या कुशीवर, आणि गुंडाळी पुन्हा बरोबर पाठीला. शुद्ध नसलेलं माणूस कूस बदलेल एक वेळ. पण पाठीमागची गुंडाळी काढून दुसऱ्या बाजूनं लावून घेत नाही. गळ्यातली शिट्टी काढून मनगटाला बांधत नाही. कुणीतरी तिला पुन्हा झोपवलंय, वहिनी. ज्याच्या हाताला ते झोपवणं पाठ आहे, त्यानं."

मॅनेजरला ते येत नव्हतं. काकांना येत नव्हतं. दोन जीवरक्षक पार्टी अर्ध्यात सोडून गाडीनं गावाला गेले होते, घारीनं स्वतः त्यांना गाडीत बसवलं होतं.

राहिला एक.

बसमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो. घरापर्यंत दोघींपैकी एकीनंही ते नाव घेतलं नाही.

५

बुधवारी बेडूक जेवायला येतो.

बेडूक हा वन्संचा नातू, त्यांच्या मुलीचा मुलगा. मुलगी-जावई नोकरीपायी दुसऱ्या गावी, म्हणून शाळेपासून पोरगं आमच्या घरात वाढलं. झोपताना त्याला गोष्ट लागायची. वन्सं गोष्ट सांगायच्या ती दोन वाक्यांत संपायची आणि शेवटी कुणालातरी शिक्षा व्हायची. म्हणून तो माझ्या कुशीत यायचा. मला तो थापाआजी म्हणायचा. मी त्याला एका बेडकाची गोष्ट सांगायचे. हत्ती तळ्यात बुडत होता, सगळे प्राणी काठावर उभे राहून सल्ले देत होते, आणि एका एवढ्याशा बेडकानं उडी मारली. हत्तीला सोंडेला धरून ओढत काठाला आणला. काठाला आणेपर्यंत पोरगं झोपलेलं असायचं. मोठा होऊन तो जीवरक्षक झाला, तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरले की हे माझ्या गोष्टीनं केलं. वन्संनी एकदाही टाचणी लावली नाही.

त्या बुधवारी तो ताटावर बसला, पण जेवला नाही.

"आजी, तुम्ही तलावावर विचारत फिरताय, ते मला कळलंय." त्यानं पेला सरकवला. "तो मी होतो."

माझ्या हातातून डाव पडला. वन्संनी तो उचलून ओट्यावर ठेवला, हात पुसले आणि त्याच्यासमोर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला वाटतंय तसं काही नाही ग. तिला आठवत नाही, त्याला मी काय करू? मी खोलीत गेलो तेव्हा ती उठून बसली होती. पाणी पीत होती. मला बघून हसली. माझं नाव घेतलं तिनं, बेडक्या म्हणाली. मीही प्यायलो होतो. दोघांच्या मर्जीनं झालं. नंतर ती म्हणाली झोप येतेय, आणि मी घरी गेलो."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! म्हटलं, घ्या. पोरगं खरं बोलतंय. स्वतःहून बोलतंय. वन्सं स्वतःच म्हणाल्या नव्हत्या का, प्यायलेल्या बाईनं समजून हो म्हटलं तर ते हो असतं? मी पदरानं डोळे पुसले आणि त्याला वाढायला उठले.

"बस, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "उठून बसली होती. नक्की?"

"नक्की."

"नंतर झोपली ती आपली आपण? तू हात लावून झोपवली नाहीस?"

"नाही. मी सांगतो ना. ती आडवी झाली, मी दार ओढून घेतलं आणि निघालो."

"बरं." वन्संनी मान हलवली. "मग मला एक समजावून दे. घारीनं तिला आधी कसं झोपवलं होतं म्हणे, ते माझ्या म्हातारीच्या डोक्यात शिरत नाही. दाखव एकदा. ही आहे ना थापाआजी. हिला झोपव."

६

सत्तरी उलटलेल्या बाईला बेशुद्ध पड म्हणून शिकवायला लागत नाही. मी सतरंजीवर पडले, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली.

"थापाआजी, जीभ आत," तो म्हणाला. आवाजात थोडं हसू होतं. माझा बेडूक परत आला असं मला वाटलं.

त्याचे हात किती मऊ होते, सांगते. त्यानं माझा हात उचलून गालाखाली ठेवला. दुखऱ्या गुडघ्याला न विचारता सांभाळून वाकवलं. एका हातानं खांदा, एकानं कंबर, आणि मी पिसासारखी कुशीवर वळले. सोफ्यावरची लोड-उशी पाठीला लागली. मग माझ्या मानेशी त्याची बोटं आली. चष्म्याची दोरी मी गळ्यात घालते, ती त्यानं डोक्यावरून काढली. माझ्या मनगटाला वेढे दिले, चष्मा तळहातात ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"असं," तो म्हणाला.

"तोंड इकडे का केलंस हिचं?" वन्संनी विचारलं.

"इकडे दार आहे ना, आजी. तोंड नेहमी दाराकडे."

"आणि ती दोरी?"

"गळ्यात काही ठेवायचं नाही. आवळतं."

"सगळे असंच मनगटाला बांधतात?"

"नाही, ती माझी सवय. म्हणजे हरवत नाही, उठल्यावर माणसाला हातातच सापडतं."

 

"शिट्टी उठली, तेव्हा तिची दोरी मनगटाला होती," वन्सं म्हणाल्या. "घारीनं ती गळ्यातच ठेवली होती."

माझ्या खांद्यावर त्याचा हात होता. तो हात थांबला. जसं घड्याळ थांबतं, तसा.

"नंतर... नंतर तिला झोप लागली, तेव्हा मी..."

"हात लावला नाहीस म्हणालास. आत्ता म्हणालास, त्या ताटावर. बरं, तेही सोड. ती गुंडाळी. ती उठून बसली होती, तर गुंडाळी कुठंतरी पडलेली असणार. पडलेला स्वेटशर्ट माणूस अंगावर घालतो, उशाला देतो. तू तो पुन्हा पाठीलाच लावलास. कारण तू आलास तेव्हा तो पाठीला होता. ती बसली नव्हती, बेडक्या. ती घारीनं ठेवली तशीच पडली होती, आणि तसं झोपवलेलं माणूस म्हणजे काय, हे जगात कुणाला कळत नसेल तरी तुला कळतं. तू उठलास आणि सगळं होतं तसं करून ठेवलंस, कुणी आलंच नव्हतं असं. नीट ठेवलंस. श्वास अडू नये म्हणून दोरीसुद्धा काढलीस." वन्संचा आवाज इतका वेळ कोर्टातला होता. आता तो घरातला झाला. "फक्त एक चुकलं. तोंड नेहमी दाराकडे करायचं, हे तुझ्या हाताला पाठ आहे. मग तिचं तोंड भिंतीकडे का केलंस रे?"

मग माझ्या डोक्यावर त्याचा श्वास आला, तुटका.

"डोळे मिटलेलेच होते, आजी," तो म्हणाला. "सगळा वेळ मिटलेलेच होते. तरी तिच्याकडे बघवेना."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर मला त्याचा चेहरा बघायला लागला असता.

"मीपण प्यायलो होतो," तो म्हणाला. "मला कळत नव्हतं."

"दोरी हरवू नये एवढं कळत होतं," वन्सं म्हणाल्या. "आणि गाडी हाकणारा प्यायलेला होता म्हणून चाकाखालचं माणूस उठून बसत नाही. आपणच प्यायचं आणि आपणच त्याच्याआड लपायचं, हे कायदा चालवून घेत नाही."

"आजी, तू माझी आजी आहेस ना?"

"आहे ना. म्हणून तर उद्यावर टाकत नाही." त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चल. बूट घाल."

माझ्या खांद्यावरचा हात उचलला गेला. दार उघडलं, दार लागलं. मी तशीच पडून राहिले, पाठीला उशी, मुठीत चष्मा. तोंड दाराकडे.

७

मी मागाहून चौकीवर पोचले, तर तोच साहेब होता. बेडूक जे घरात बोलला, ते तिथं अर्धंच बोलला. मग साहेबानं मला विचारलं, तुम्ही काय ऐकलंत, आजी?

मी सांगितलं. गोष्ट सांगताना माझे हात हलतात, त्या दिवशी ते मांडीवर होते. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. वन्सं शेजारी बसून ऐकत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझ्या बोलण्यात टाचणी टोचायला जागा मिळाली नाही. मिळाली असती तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

साहेबानं ह्या खेपेला तक्रार कशाची असं विचारलं नाही. घारीला बोलावलं, काकांना बोलावलं. फाटकावरचा माणूस काकांना स्वतःहून नमस्कार करायला लागलाय, असं ऐकते. काका त्याच्याकडे बघत नाहीत.

निकालाचं मला विचारू नका. तारखा पडतायत. त्याचा वकील म्हणेल, दोन म्हाताऱ्यांनी पोराला बोलण्यात अडकवला, त्यातली एक तर गल्लीत थापाडी म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणू दे. मी उभी राहीन. वन्संची मुलगी फोनवर म्हणाली, आई, तुझं काळीज दगडाचं आहे. वन्संनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

शिट्टीला सांगायला आम्ही दोघी खाली गेलो. कोण ते कळल्यावर ती खिडकीकडे वळली.

"मला खोल पाण्याची भीती होती," ती म्हणाली. "जीवरक्षक होऊनसुद्धा. त्यानं घालवली. मागं मी आहे, तू पाठ करून पड, म्हणायचा. आणि मी न बघता मागं पडायचे."

मग तिनं वन्संकडे पाहिलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

वन्संनी तोंड उघडलं. चाळीस वर्षं कोर्टात बोलल्या होत्या, पण आता त्यांनी माझा हात धरला.

म्हणून मी सांगितलं. "नाही, बाळ. तू हो म्हणाली नव्हतीस. तू काहीच म्हणाली नव्हतीस. म्हणायला तू तिथं नव्हतीसच."

"थाप नाही ना, आजी?"

"नाही ग. एका अक्षराची नाही."

तेव्हा ती रडली. त्या सोमवारपासून पहिल्यांदा. घारी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिच्याशेजारी बसली, आणि ह्या वेळी उठली नाही.

वर आल्यावर आम्ही दिवा लावला नाही. बुधवारचं तिसरं ताट मांडणीत तसंच होतं. वन्सं त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "त्या बेडकाचं पुढं काय होतं ग? हत्तीला काठाला आणल्यावर?"

मला पंधरा वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. ऐकणारा नेहमी आधी झोपायचा.

"एक बेडूक होता," मी सुरुवात केली. "एवढासा..."

वन्सं वाट बघत होत्या. मीही बघत होते. पुढचं काही आलं नाही.